एक दार उघडतो, दुसरा घर पोखरतो
माडावरच्या दोन भुंग्यांची गोष्ट

गेल्या वर्षी फजरच्या नमाजेनंतर आब्बा नेहमीप्रमाणे विहिरीकडे गेले आणि तिथूनच त्यांनी आम्हाला हाक मारली. विहिरीजवळच्या माडाचा शेंडा झावळ्या, पोया आणि कोवळ्या नारळांसकट जमिनीवर पडला होता. रात्री वारा नव्हता, पाऊस नव्हता, वीजही कडाडली नव्हती. खोड मात्र जागेवर उभे होते, शेंड्याविना, एखाद्या खांबासारखे.

हा माड आब्बांनी आखातातून कायमचे परत आले त्या वर्षी लावला होता. 15 वर्षांचा, भर उत्पन्नातला माड. आम्ही पडलेल्या शेंड्याजवळ गेलो तर आंबूस वास येत होता. कोयत्याने थोडे फोडून पाहिले तर आतला पांढरा गाभा शिल्लकच नव्हता. चावलेल्या तंतूंचा ओला भुसा आणि त्यात बोटाएवढ्या जाड, बिनपायांच्या, पिवळट अळ्या. काही ठिकाणी माडाचेच धागे गुंडाळून केलेले लांबट कोश होते.

आब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात याच माडातून मी भुंगा काढला होता. काळा, शिंगवाला. सळईनं ओढून काढला आणि मारलासुद्धा. मग हे कोण?"

हा प्रश्न कोकणातल्या बऱ्याच घरांत विचारला गेला असेल. आमच्या गावच्या कृषी सहायकांनी त्याचे उत्तर एका वाक्यात दिले: "चाचा, तुम्ही दार उघडणाऱ्याला पकडलंत. आत शिरणारा वेगळाच होता."

एका झाडावर दोन बिऱ्हाडे

जगात भुंग्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या सुमारे 4 लाख जाती माणसाला माहीत आहेत. पुढचे दोन पंख कडक होऊन पाठीवर ढालीसारखे बसलेले असतात, ही त्यांची खूण. पण पाठीवरची ढाल सारखी असली तरी प्रत्येकाचे जगणे सारखे नसते. माडावर येणारे हे दोन भुंगे म्हणजे त्याचे उत्तम उदाहरण.

पहिला गेंड्या भुंगा. काळपट तपकिरी, चकचकीत, 4 ते 5 सेंटिमीटर लांब. डोक्यावर गेंड्यासारखे मागे वळलेले शिंग. नराचे शिंग मोठे, मादीचे आखूड. रात्री दिव्यावर धडपडत येतो, मुले त्याला काडेपेटीत कोंडून ठेवतात, म्हणून आपण सगळे त्याला ओळखतो. शेणाचे गोळे करणाऱ्या शेणकिड्यांच्या गोतावळ्यातला तो.

दुसरा सोंड्या भुंगा. तांबूस तपकिरी, पाठीवर काळे ठिपके, 3 ते साडेतीन सेंटिमीटर लांब. तोंडापुढे लांब, किंचित वाकलेली सोंड. नराच्या सोंडेवर केसांचा छोटा झुबका असतो, मादीची सोंड गुळगुळीत. डब्यातल्या तांदळात होणारा बारीक सोंडकिडा आपल्या घरच्या बायकांना चांगलाच माहीत आहे. हा सोंड्या भुंगा त्याचाच थोरला नातेवाईक. दोघांची रीतही एकच: अंडे आत घालायचे आणि पिल्लाने आतून पोखरत वाढायचे.

बालपण गायरीत, तारुण्य माडावर

गेंड्या भुंग्याची मादी माडावर अंडी घालत नाही. तिला हवी असते कुजकी, ओलसर, उबदार जागा. शेणखताचा खड्डा म्हणजे आपली गायरी, लाकडाच्या भुशाचा ढीग, पडून कुजत असलेले माडाचे खोड. अशा जागी ती आपल्या आयुष्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. दहाएक दिवसांत अळी बाहेर येते. पांढरी, जाड, अर्धचंद्रासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची आणि पुढे पायांच्या तीन जोड्या असलेली. ही अळी चार-पाच महिने कुजके खाऊन वाढते. जिवंत माडाला ती तोंडही लावत नाही. उलट कुजलेल्या लाकडाची आणि शेणाची माती करण्याचे कामच ती करत असते. त्यानंतर ती कोशात जाते आणि तीनएक आठवड्यांनी भुंगा तयार होतो.

त्रास सुरू होतो तो इथून. पंख फुटलेला भुंगा रात्री उडत माडाच्या शेंड्याकडे जातो. सर्वांत मधली, अजून न उलगडलेली झावळी, जिला आपण सुई म्हणतो, तिच्या बुडाशी तो भोक पाडतो. त्याला तंतू खायचे नसतात, रस हवा असतो. चघळलेला चोथा तो बाहेर ढकलतो. महिन्या-दोन महिन्यांनी ती सुई उलगडते तेव्हा झावळीला कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी खाचा दिसतात, कारण घडी घातलेल्या कागदाला एकदा कात्री लावावी आणि उघडल्यावर अनेक ठिकाणी कापलेला दिसावा, तसेच ते घडते. कधी तो कोवळी पोयही पोखरतो, मग त्या पोयीचे नारळ गेले.

मोठ्या माडाला एकटा गेंड्या भुंगा सहसा मारत नाही. उत्पन्न घटते, झाड विद्रूप दिसते. लहान रोपाचा कोंब मात्र तो संपवू शकतो. पावसाळ्यात त्याचा जोर जास्त असतो.

जन्मापासून आतच

सोंड्या भुंग्याचे सगळे याच्या उलट. त्याला गायरी नको, उकिरडा नको. त्याला हवा जिवंत माड, आणि तोही कोवळा. 5 ते 20 वर्षांचे माड त्याच्या तावडीत जास्त सापडतात.

हा भुंगा स्वतः माडाचे फारसे नुकसान करत नाही. मादी माडाची जखम शोधत येते. ताज्या कापलेल्या, रस पाझरणाऱ्या जागेचा वास तिला लांबून येतो. तिथे सोंडेने बारीक छिद्र करून ती एकेक अंडे घालते. एक मादी अशी 200 ते 300 अंडी घालू शकते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि तोंड आतल्या बाजूला करून चालू लागते. तिला पाय नसतात, फक्त भक्कम जबडा असतो. महिना ते तीन महिने ती माडाचा गाभा खाते, मागे भुसा सोडत जाते. मग माडाच्याच धाग्यांचा कोश विणून त्यात झोपते. भुंगा होऊन बाहेर आला तरी त्याला दुसरे झाड शोधण्याची घाई नसते. त्याच माडात नर-मादी जुळतात, त्याच माडात पुढची पिढी जन्मते. म्हणून एकच माड फोडला तर अंडी, अळ्या, कोश आणि भुंगे असे सगळे कुटुंब एकाच वेळी सापडते.

आता दोघांचा हिशोब शेजारी-शेजारी मांडून पाहा. गेंड्याची अळी निरुपद्रवी, भुंगा त्रासदायक. सोंड्याचा भुंगा जवळजवळ निरुपद्रवी, अळी जीवघेणी. गेंड्या बाहेर जन्मतो आणि खायला माडावर येतो. सोंड्या माडातच जन्मतो आणि माड संपेपर्यंत तिथेच राहतो. गेंड्याची खूण झावळीवर सगळ्यांना दिसते. सोंड्याची खूण शेवटी दिसते, आमच्या विहिरीजवळ दिसली तशी.

माडाची जखम भरत नाही

पण दोघांची गाठ कुठे पडते? तर जखमेपाशी.

आंब्याच्या, फणसाच्या खोडाला घाव बसला तर दोन-तीन वर्षांत साल चहूबाजूंनी वाढून तो झाकून टाकते. माडाच्या खोडात सालीखाली वाढणारा तसा थरच नसतो. त्यामुळे माडाच्या खोडावर पडलेली खाच आयुष्यभर तशीच राहते. चढण्यासाठी पाडलेल्या पायऱ्या, नारळ उतरवताना ओढलेला कोयता, झाडाला ठोकलेला खिळा, अगदी अंगाशी कापलेली हिरवी झावळी आणि गेंड्या भुंग्याने शेंड्यात पाडलेले भोक, ही सगळी सोंड्यासाठी उघडी दारे आहेत. शिवाय माडाला फांद्या नसतात. वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो गेला की माड गेला.

आब्बांनी सळईने गेंड्या काढला, ते योग्यच केले. पण भोक तसेच राहिले. वाळू भरली नाही, औषध घातले नाही. आठवड्याभरात तो माड आमच्या डोक्यातून गेला, कारण काढलेला भुंगा आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. शत्रू मेला, असे आम्ही धरून चाललो.

कुराणात सूरह सबामध्ये हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या काठीचा प्रसंग आहे. त्यांचा इंतकाल झाला होता, पण देह काठीच्या आधारे उभा होता आणि जिन्नात कामाला जुंपलेलेच राहिले. जमिनीवरच्या एका लहानशा जीवाने काठी कुरतडली, देह खाली आला, तेव्हा कुठे त्यांना खरे काय ते कळले. त्या दिवशी विहिरीजवळ उभे असताना आब्बांना हाच प्रसंग आठवला. उभे दिसते ते आतून शाबूत असेलच असे नाही.

खजुराच्या बागांपर्यंत

आमचे मोठे बंधू सौदीत नोकरीला आहेत. त्यांना फोनवर हे सांगितले तर ते म्हणाले, "तो लाल भुंगा ना? इथं त्याच्यामुळं खजुराच्या बागावाले हैराण आहेत."

हे खरे आहे. सोंड्या भुंगा मूळचा आपल्याच दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या भागातला. भारतात नारळावरची त्याची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. खजूर आणि माड एकाच कुळातले, त्यामुळे 1980 च्या दशकाच्या मध्यापासून तो आखाती देशांत पोहोचला तेव्हा त्याला तिथे आयतेच घर मिळाले. पुढच्या दशकात तो इजिप्तला आणि स्पेनला गेला. तो इतक्या दूर उडत गेला नाही. माणसांनीच त्याला नेले. खजुराच्या बुंध्याशी फुटणारी पिल्ले काढून दुसरीकडे लावतात. अशा पिल्लांच्या आणि शोभेच्या झाडांच्या पोटात लपून अळ्या सीमा ओलांडत गेल्या. बाहेरून पिल्लू हिरवेगार, आत पाहुणा बसलेला.

संकट इतके वाढले की मार्च 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने रोममध्ये फक्त या एका भुंग्यासाठी अनेक देशांचे मंत्री आणि शास्त्रज्ञ बोलावले. इफ्तारला आपण जो खजूर उचलतो, त्याच्या झाडाला आणि आपल्या परसातल्या माडाला एकच वैरी आहे, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळले.

गेंड्यानेही प्रवास केला आहे. 1909 साली श्रीलंकेतून रबराची रोपे सामोआ बेटांवर गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर नारळाच्या बागांची धूळधाण उडाली. 1963 साली आलोईस हुगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियात या भुंग्याला आजारी पाडणारा एक विषाणू सापडला. 1967 मध्ये तो सामोआत सोडला आणि भुंग्यांची संख्या बरीच आटोक्यात आली. भारतातही हा उपाय वापरतात. मात्र 2007 मध्ये ग्वाम बेटावर आढळलेला गेंड्या या विषाणूला दाद देईना. एक उपाय सापडला म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

दोघांवर दोन वेगळे उपाय

राहणी वेगळी म्हणून बंदोबस्तही वेगळा. ज्यांच्या घरी चार माड आहेत त्यांनाही जमेल असे काही इथे देत आहोत.

गेंड्यासाठी आधी गायरीकडे पाहा. माडावर औषध मारत राहिलात आणि गायरीत त्याची पिल्ले वाढत राहिली तर काही उपयोग नाही. शेणखत दोन-तीन महिन्यांनी एकदा वरखाली करा. पांढऱ्या अळ्या दिसतील त्या वेचून कोंबड्यांना टाका. पडलेली खोडे वाडीत कुजत ठेवू नका, चिरून वापरा किंवा जाळा. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी या अळ्यांना मारते. ती गायरीत कशी मिसळायची हे कृषी केंद्रात सांगतात.

माडावर गेंड्याचे भोक आणि ओला चोथा दिसला तर टोकाला आकडा असलेल्या सळईने भुंगा काढा आणि भोक उघडे ठेवू नका. शेंड्याजवळच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड तेवढ्याच बारीक वाळूत मिसळून भरावी, वर्षातून तीन वेळा. लहान माडाच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालतात आणि दर 45 दिवसांनी पुन्हा नव्या ठेवतात. या गोळ्या विषारी असतात, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

सोंड्यासाठी माडाला जखमच होऊ न देणे हा पहिला उपाय. खोडात पायऱ्या पाडू नका, चढायला शिडी किंवा यंत्र वापरा. हिरवी झावळी कापावीच लागली तर अंगाशी कापू नका, देठाचा 4 फूट भाग झाडाला ठेवा. खोडाला घाव झालाच तर त्यावर डांबर लावा.

दुसरा उपाय म्हणजे लक्ष. खोडावर बारीक छिद्र, त्यातून पाझरणारा तांबूस तपकिरी चिकट द्रव, छिद्राशी चावलेले तंतू, मधल्या झावळ्या मलूल होणे ही त्याची लक्षणे आहेत. शांत वेळी खोडाला कान लावला तर आत अळ्या कुरतडत असल्याचा आवाजही ऐकू येतो. सौदीतले शास्त्रज्ञ आता खजुराच्या खोडाभोवती प्रकाशतंतूची तार गुंडाळून हाच आवाज टिपण्याचे प्रयोग करत आहेत. म्हणजे आपल्या वाडवडिलांचा कान आणि त्यांचे यंत्र, दोघे एकच गोष्ट ऐकतात. वेळेत कळले तर खोडात औषध देऊन माड वाचवता येतो. ते काम जाणकाराच्या सल्ल्यानेच करा आणि आधी सगळे नारळ उतरवा. माड वाचण्यापलीकडे गेला असेल तर तो तोडून, फोडून जाळून टाका. उभा ठेवला तर त्यातून निघणारे भुंगे शेजारच्या वाडीत जातील, आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्याला कोणी वेगळा सांगायला नको.

दोन्ही भुंग्यांसाठी गंध सापळेही मिळतात. प्रत्येकाच्या वासाची कुपी वेगळी असते, ती मागतानाच कोणता भुंगा ते सांगा. सापळ्याकडे भुंगे खेचले जातात, म्हणून तो कोवळ्या माडांच्या मधोमध न लावता बाजूला लावावा आणि शक्यतो सगळ्या वाडीने मिळून लावावा. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ इथे याची माहिती मिळू शकते.

हे आताच का सांगायचे?

3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आमच्या वाडीत 11 माड पडले. ती खोडे उचलायला माणसे मिळेनात, म्हणून कित्येक महिने ती कुंपणाकडेला कुजत पडली. आज मागे वळून पाहताना वाटते, गेंड्याची पाळणाघरे आम्ही स्वतःच मांडून ठेवली होती. आणि वादळानंतर ज्यांनी हिंमत धरून नवी रोपे लावली, त्यांचे माड आता पाच वर्षांच्या पुढे गेले आहेत. म्हणजे नेमके त्या वयात, जे सोंड्याला आवडते. अनेक घरांत म्हातारी माणसे गावात आणि मुले मुंबईत किंवा आखातात. माडाकडे वर पाहणारे कोणी नाही.

मोडलेल्या माडाचे खोड आम्ही त्याच आठवड्यात तोडून जाळले. बाकीच्या माडांची भोके वाळू आणि पेंड घालून बुजवली, गायरी उपसली. गायरीत एका दुपारी 43 अळ्या निघाल्या. माझी धाकटी मुलगी मोजत होती. ती आब्बांना म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगता ना, आपण लावलेल्या झाडाचं पाखरानं खाल्लं, जनावरानं खाल्लं तरी सदका होतो? मग भुंग्यानं खाल्लं तर?"

आब्बा हसले. म्हणाले, "त्यानं खाल्लं त्याचा सवाब अल्लाह देईल, बेटा. पण झाड सांभाळणं आपल्यावर सोपवलंय. ते भुंग्यावर ढकलता येणार नाही."

विहिरीजवळ त्याच जागेपासून थोडे बाजूला आम्ही नवे रोप लावले आहे. दर जुम्याला आब्बा नमाजेला निघण्याआधी वाडीत एक फेरी मारतात. एकेका माडाला हात लावतात, वर बघतात आणि खोडाला कान लावून क्षणभर थांबतात. आता त्यांच्या मागोमाग मुलगीही कान लावते.